वजन तेवढंच, मग कंबर का सुटली?

प्रश्न: माझं वय ५४, उंची १५८ सेंमी. गेल्या वर्षी वजन ७५ किलो होतं. रात्रीचं जेवण बंद केलं, रोज सकाळी पाऊण तास चालायला लागले आणि चार महिन्यांत ६८ वर आले. पुढे घरात आजारपण निघालं, रात्रीचं जेवण पुन्हा सुरू झालं, चालणं मात्र सोडलं नाही. तरी आज काटा ७६ दाखवतो. कंबर गेल्या वर्षी, ७५ किलो असताना, ९२ सेंमी होती, आता ९६ आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मधुमेहाची एक गोळी चालू आहे. जिना उतरताना गुडघे बोलतात आणि जमिनीवर बसलं की उठताना काहीतरी धरावं लागतं. घरचे म्हणतात, वयानुसार मेटाबॉलिझम मंदावतो, आता हे असंच चालायचं. पुन्हा रात्रीचं जेवण सोडू? की वजन उतरवायचं ते इंजेक्शन घेऊ? आणि पोट कमी करायला नेमका कोणता व्यायाम करू?

उत्तर: तुमच्या पत्रातले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. वर्षभरात वजन वाढलं एक किलो, कंबर वाढली चार सेंटीमीटर. नुसती किलोभर चरबी चढली असती तर कंबर एवढी सुटली नसती. काट्यावर जवळपास जुनंच वजन दिसत असलं तरी आतला ऐवज बदललेला दिसतोय. स्नायू घटले आणि त्यांची जागा चरबीनं घेतली.

रात्रीचं जेवण सोडून जे सात किलो उतरले ती सगळी चरबी नव्हती. ताकदीचा व्यायाम न करता नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं, तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायू आले. म्हणजे तुमच्या सात किलोंतले दीड-दोन किलो. नंतर जे आठ किलो परत आले ते बहुतेक चरबीच्या रूपात आले, कारण स्नायूंना वाढायला काही निमित्तच मिळालं नाही. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि जी चरबी आधी मांड्यांवर, नितंबांवर बसायची ती पोटात साचू लागते. आता पुन्हा रात्रीचं जेवण सोडलंत तर हीच फेरी दुसऱ्यांदा होईल. दरवेळी गुडघ्याला सावरून धरणारे मांडीचे स्नायू थोडेथोडे खर्ची पडतील. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सोडू नका.

मेटाबॉलिझमवर खापर फोडायची घाई नको. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या रोजच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अंगातले स्नायू आणि चरबी हिशेबात धरल्या तर २० ते ६० या वयात हा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यानं उतरतो. चोपन्नाव्या वर्षी तुमची भट्टी विझलेली नाही. तिच्यावर काम करणारे हात कमी झालेत.

याच्या उलट टोकाची एक थापही जिममध्ये सर्रास ऐकू येते: स्नायू कमवा, मग बसल्याबसल्या चरबी जळेल. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. त्या हिशेबानं कुणी बारीक होत नाही. स्नायू हवेत ते जिना, जमीन आणि सामानाच्या पिशव्या यांच्यासाठी. तुमच्यासाठी आणखी एक कारण आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं की साखर रक्तात रेंगाळते.

आता चालण्याबद्दल. ७६ किलोच्या माणसानं सपाट रस्त्यावर पाऊण तास चाललं तर १५० ते २०० कॅलरी जातात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढ्या परत मिळतात. रक्तदाब, साखर, झोप, मन या सगळ्यांना चालणं चांगलं, पण त्या एकट्यानं वजन उतरत नाही आणि मांडीची ताकदही फारशी वाढत नाही. ताकद गेली म्हणून रोजचं चालणं वाढवत नेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितलाय. रोज पाऊण तास चाललात की तो कोटा भरला. त्याच शिफारशीतला दुसरा भाग लोक वाचतच नाहीत: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

सुरुवात खुर्चीपासून करा. हा व्यायाम नीट समजून घ्या, कारण तुमच्या निम्म्या तक्रारी इथेच सुटतील. जिना उतरताना गुडघे बोलतात असं तुम्ही लिहिलंय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो आणि लांबत असतानाच त्याला शरीराचा भार सावरून धरावा लागतो. तो कमजोर असला की गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. खुर्चीवर सावकाश बसताना तो स्नायू हेच काम करतो, आणि तिथे पडायची भीती नसते.

बिनहाताची, चाकं नसलेली, बसायला साधारण ४५ सेंटीमीटर उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतकी फाकवून एवढी मागे घ्या की टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतील. बहुतेक जण इथेच चुकतात. पाय पुढे टाकून उठू गेलं की उठता येत नाही, मग माणूस झटका देतो आणि तो झटका गुडघ्याला बसतो. हात छातीवर दुमडा. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की टाचांवर जोर देऊन उठा. उठताना श्वास सोडा. दम रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. बसताना मनात एक-दोन-तीन म्हणत खाली या आणि बैठकीला स्पर्श झाला की मगच भार सोडा. शेवटच्या चार इंचांत धपकन बसायला होतं. स्नायूला खरं काम त्या चार इंचांतच असतं. गुडघे आत, एकमेकांकडे वळत असतील तर समोर आरसा ठेवा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच राहिला पाहिजे.

गुडघा दुखला तर व्यायाम बंद न करता बैठक उंच करा, खुर्चीच्या बैठकीवर एक-दोन घट्ट उशा ठेवा. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, तेही दुसऱ्या दिवशी विरणारं, चालवून घ्यायला हरकत नाही. त्याहून जास्त दुखलं, गुडघा सुजला किंवा अडकला तर तपासून घ्या. मांडीचा अंगदुखीसारखा ठणका वेगळा. तो एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त जाणवतो आणि आपोआप जातो.

आजच एक मोजणी करून ठेवा. हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बायकांमध्ये १२ पेक्षा कमी आकडा सरासरीखालचा धरतात, पुरुषांमध्ये १४ पेक्षा कमी. तुम्ही साठीच्या आत आहात, तेव्हा तुमचा आकडा १२ च्या वर असायलाच हवा. नसला तर नवल नाही, पण लिहून ठेवा.

पहिले दोन आठवडे एकच फेरी करा, ८ वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, पाचव्यापासून तीन, मध्ये दीड मिनिट विश्रांती. ‘अजून दोन-तीन वेळा जमलं असतं’ असं वाटेल तिथे थांबा. १२ वेळा सहज जमू लागलं की छातीशी २ किलोचं वजन धरून पुन्हा ८ वर या. ते सोपं झालं की ४ किलो. आणखी सोपं झालं की बैठक खाली आणा. ही पायरी लोक विसरतात. सहा महिने त्याच दोन किलोंचे तेच १० वेळा करत राहतात आणि फरक का पडत नाही म्हणून विचारतात. भार वाढला नाही तर स्नायूला वाढायचं कारण उरत नाही.

बाकीचे चार प्रकार थोडक्यात. भिंतीला हात टेकून दंड काढा: पावलं भिंतीपासून हातभर मागे, कोपरं बाहेर न फाकवता अंगाशी ४५ अंशांत. सोपं झालं की भिंतीऐवजी भक्कम टेबलाची कड घ्या. दुसरा, ओढण्याचा: रबरी पट्टा दाराच्या कडीत अडकवून कोपरं मागे खेचा, खांदे कानाकडे चढू देऊ नका. तिसरा, कमरेतून वाकून उचलण्याचा: पाठीला उभी काठी लावा, ती डोक्याला, पाठीच्या मधोमध आणि माकडहाडाला अशी तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून नितंब मागे ढकलत वाका. काठी सुटली तर पाठ गोल झाली असं समजा. हे जमल्यावरच ४-५ किलोची पिशवी उचला. चौथा, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, १२ ते १५ वेळा. फेऱ्यांचा हिशेब खुर्चीसारखाच. शेवटी ओट्याजवळ किंवा टेबलाजवळ उभं राहून एकेका पायावर १० सेकंद तोल सांभाळा, हळूहळू ३० पर्यंत न्या. सगळं मिळून ३५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून.

धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो. ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते, कारण मेंदूला स्नायू नीट वापरायची सवय लागलेली असते. हाडाला स्नायू बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मात्र फार सावकाश मजबूत होतात. उत्साहात वजन दुप्पट केलं की टाचेमागे किंवा खांद्यात दुखणं धरतं आणि दोन महिने घरी बसावं लागतं. एका वेळी एक तर वजन वाढवा, नाहीतर फेऱ्या.

चालणं ठेवा, पण त्यातले तीन-चार दिवस बदला. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे यांच्या गटानं मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांवर एक पद्धत तपासली: तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं रमतगमत, अशा पाच जोड्या. पाच महिन्यांत या गटाची दमसास आणि मांड्यांची ताकद एकाच गतीनं चालणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. झपाझप म्हणजे किती? दोन-चार शब्द बोलता येतील, गप्पा मारता येणार नाहीत, इतकं. गुडघे कुरकुरले तर आधी दीड मिनिटाची जलद फेरी घ्या. आणि दहा हजार पावलांचा धोशा सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’.

खाण्याचा हिशेब. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ३०० ची तूट ठेवली तर कागदावर महिन्याला किलोभर उतरायला हवं, प्रत्यक्षात थोडं कमीच उतरतं. सहा महिन्यांत ४ ते ५ किलो हे तुमच्यासाठी चांगलं उद्दिष्ट आहे. महिन्यात पाच किलोंची हमी देणारा माणूस पहिल्या आठवड्यातलं पाणी विकत असतो: साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, खाणं एकदम तोडलं की दोन्ही जातात आणि दोन दिवस नीट जेवलं की परत येतात.

ही ३०० ची तूट एक जेवण गाळून काढू नका, तेलातून आणि गोडातून काढा. ५ मिलीच्या चमचाभर तेलात ४० ते ४५ कॅलरी असतात. बाटलीतून थेट कढईत ओतताना दोन चमचे वाटतं ते बहुधा चार असतं. आठवडाभर मोजून घाला, मग अंदाज आपोआप येतो. चाखत चाखत पोटात गेलेलं आणि ‘टाकायला नको’ म्हणून संपवलेलं उरलंसुरलं हेही खाणंच. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव प्रथिनांचा, पाव धान्याचा ठेवलात तर कॅलऱ्या मोजत बसायची गरज पडणार नाही.

प्रथिनांचा आकडा मात्र मोजा. वय वाढतं तसं तेवढ्याच स्नायूवाढीसाठी एका जेवणात जास्त प्रथिनं लागतात. दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आणि हा किलो तुमच्या उद्दिष्टाच्या वजनाचा धरा: ७० किलोला साधारण ७० ते ८५ ग्रॅम. तीन जेवणांत २५-२५ ग्रॅम वाटून घ्या. सकाळी जेमतेम ५ आणि रात्री ४० असं केलं तर सकाळचा मोका वाया जातो. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, १५० ग्रॅम शिजलेल्या कडधान्यात १२ च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत २७ ते ३०. वाटीभर पातळ डाळीत मूळ कोरडी डाळ १५ ग्रॅम असली तर प्रथिनं साडेतीनच, हे लक्षात घ्या. डाळ घट्ट करा किंवा कडधान्य वाढवा. मधुमेह असल्यामुळे हे सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असला तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

गोळीचं नाव तुम्ही दिलं नाहीत, ते महत्त्वाचं आहे. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर जेवण गाळणं आणि जोरात चालणं एकत्र आलं की ती ७० च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची खूण. तसं झालं तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. व्यायाम सुरू करताना डॉक्टरांना आधी सांगा, वजन उतरू लागलं की गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. त्याच भेटीत टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करून घ्या. मोठ्यानं घोरत असाल तर तेही सांगा. चालताना छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी होईपर्यंत वरचं काहीच सुरू करू नका.

इंजेक्शन हे खरं औषध आहे, लाड नव्हेत. अशा इंजेक्शनांपैकी एक असलेल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ते आणि त्यासोबतचं मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश परतही आलं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या वर आहे आणि मधुमेह आहे, तेव्हा डॉक्टरांशी हा विषय काढायला अजिबात संकोच नको. मात्र त्या औषधानं भूक मरते, जेवण आणखी लहान होतं आणि स्नायू जाण्याचा धोका तुम्ही एकदा अनुभवलाय तसाच राहतो. इंजेक्शन घेतलंत तरी खुर्ची आणि प्रथिनं सुटत नाहीत.

पोटाचा वेगळा व्यायाम नाही. उताणं झोपून धड उचलण्यासारखे (सिट-अप्स) पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू कमावतात, त्यांच्यावरची चरबी तिथल्या तिथे जळत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागलेली असू शकतात आणि पाठ गोल करून वारंवार पुढे वाकणं मणक्यांना त्रासाचं ठरतं. लवकर पाळी गेली असेल, पूर्वी किरकोळ पडण्यानं हाड मोडलं असेल किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी आधी करा.

मोजमाप असं ठेवा. वजन रोज सकाळी शौचानंतर, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. दिवसागणिक किलो-दीड किलोची चढउतार पाण्याची असते. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काटा अर्धा किलो वरही जाईल, कारण कामाला लागलेले स्नायू पाणी धरतात. घाबरून खाणं तोडू नका. कंबर पंधरवड्यातून एकदा: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप, साधा श्वास सोडल्यावर, टेप त्वचेत न रुतवता. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, तुमच्या बाबतीत ७९. तिथे जायला वेळ लागेल. सहा महिन्यांत ९० दिसली तरी काम बरोबर चाललंय. खुर्चीची ३० सेकंदांची मोजणी महिन्यातून एकदा. आणि यातलं काहीच न करता वजन आपोआप सहा महिन्यांत ५ टक्के उतरलं तर खूश न होता डॉक्टरांकडे जा.

राहिलं जमिनीवरून उठणं. ते ताकदीइतकंच युक्तीचं आहे. आज धडपडून उठता ते बहुधा दोन्ही पाय समोर ठेवून सरळ वर उठू पाहता म्हणून. आधी एका कुशीवर वळा, हातांवर भार घेऊन गुडघे आणि तळहात टेकवा. मग बळकट पायाचं पाऊल पुढे आणून सपाट टेकवा, दुसरा गुडघा जमिनीवरच, खाली जाड घडी. आता दोन्ही हात पुढच्या मांडीवर, पाठ सरळ, कमरेतून किंचित पुढे, श्वास सोडत पुढच्या टाचेवर उठा. सुरुवातीला शेजारी भिंतीला टेकवलेली खुर्ची ठेवा आणि एकच हात तिच्यावर टेका. चार आठवडे तळहात, मग नुसती बोटं, मग खुर्ची हातभर लांब. रोज दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा, पाय आलटून पालटून.